घडणावळ कोण देणार?

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा फेरा ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, ऊन उतरल्यावर रंकाळा. आणि परतीच्या वाटेला लागायच्या आधी "जरा अर्धा तास खरेदी करून घेऊ". त्या अर्ध्या तासात गुळाची ढेप, कांदा-लसणाची चटणी, गुजरीत साजाच्या किमतीची नुसतीच चौकशी, आणि शेवटी चप्पल लाईन. माझं भांडण या अर्ध्या तासाशी आहे. लोकांनी खरेदी जरूर करावी, भरपूर करावी. ती ज्या तऱ्हेनं केली जाते त्याबद्दल मला बोलायचंय.

चप्पल लाईनीत पाच मिनिटं उभं राहा, हा संवाद कानावर पडतोच.

"कसं दिलं हे?"

"बाराशे, ताई."

"बाराशे?? सहाशेला द्या."

"न्हाई ओ परवडत. हातशिलाई हाय, बघा की."

"सगळे असंच म्हणतात. राहू दे, चला हो."

मग चार पावलं पुढं जायचं. मागून हाक येणार हे ठरलेलंच. "या की ताई! बोला तुमचं शेवटचं."

साडेसातशेला सौदा तुटतो. गाडीत बसल्यावर सगळ्यांना सांगितलं जातं, "बाराशे म्हणत होता, साडेसातशेला आणली!" चेहऱ्यावर भाव असा, की जणू पन्हाळ्याचा वेढा फोडून आलेत.

आता माझा एक साधा प्रश्न आहे. हे मधले साडेचारशे रुपये गेले कुठे?

आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण हिशेब कुठल्याही आकड्यांना लागू पडतो. दुकानाचा मालक त्या महिन्याचं भाडं साडेचारशेनं कमी घेत नाही. वीज मंडळ बिलात सूट देत नाही. चामड्याचा व्यापारी तर मुळीच नाही, त्याची उधारी आधी भागवावी लागते. दुकानदार स्वतःच्या नफ्यातले थोडे सोडतो, पण कायम सोडत राहिला तर त्याला दुकानाला कुलूप लावावं लागेल. तेव्हा पुढच्या वेळी माल घेताना तो खाली बघतो. आणि त्या साखळीत सगळ्यात खाली असा एकच माणूस बसलेला असतो, ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही. तो सुभाषनगरात असेल, कागल तालुक्यातल्या कापशीत असेल, नाहीतर पलीकडे अथणी-निपाणीकडं असेल. त्याला जोडीमागं मजुरी मिळते. तुम्ही चप्पल लाईनीत दुकानदाराशी घासाघीस केलीत असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ती झाली त्या माणसाशी, आणि तो तिथं हजरही नव्हता.

आपल्याकडे यासाठी एक फार नेमका शब्द आहे. घडणावळ. वस्तू घडवण्याचे, म्हणजे हाताचे पैसे. गुजरीत गंमत बघा. सोन्याचा आजचा भाव कुणी पाडून मागत नाही. तो फळ्यावर लिहिलेला असतो आणि त्यापुढं भलेभले मान खाली घालतात. पण वजन झालं, हिशेब मांडला, की सगळा जोर एकाच गोष्टीवर येतो. "घडणावळ जरा बघा की!" साजातलं एकेक पान हातानं घडवलेलं असतं. सोनं जमिनीतून निघालं, त्याचा भाव लंडनात ठरला, तो आपल्याला मान्य. कारागिराचं मात्र डोकं, डोळे आणि मान मोडून केलेलं काम हे 'बघून घ्यायचं'. धातूला भाव आहे आणि माणसाचा सौदा होतो.

जुन्या वस्तूंचंही तेच. आजीचं तांब्याचं घंगाळ, पितळी समई, ठोक्याची कळशी. माळ्यावर अडगळ झाली म्हणून ती मोडीत घातली जाते. मोडीत घालताना काट्यावर फक्त वजन असतं. ज्या तांबटानं हजारो ठोके मारून ते घंगाळ उभं केलं, त्याची घडणावळ त्या दिवशी शून्य होते. पुढं दहा वर्षांनी तसलंच घंगाळ मुंबईच्या चोर बाजारात 'अँटिक' म्हणून दिसतं, तेव्हा आपण किंमत ऐकून डोळे मोठे करतो आणि म्हणतो, लुटतात लेकाचे! ज्या घडणावळीला आपण शून्य रुपये लावले, तिचेच पैसे तो मागत असतो. फरक इतकाच की आता ती माळ्यावरची अडगळ राहिलेली नाही.

असो. चपलेकडे येतो, कारण गेल्या वर्षी सगळ्यात मोठा तमाशा तिच्यावरून झाला.

जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्रादा या इटालियन कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. मॉडेलांच्या पायात अंगठ्याची, पट्ट्याची, सरळसरळ आपली कोल्हापुरी होती. नाव दिलं होतं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचा नाही. मग जे व्हायचं ते झालं. फेसबुकवर मावळे जमले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं कबूल केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. कंपनीची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन्ही चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचे आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत सुमारे ८०० युरोला एक जोड विकायचा असं जाहीर झालं. म्हणजे आपल्या पैशात ८० हजारांच्या वर.

प्रादानं केलं ते चूकच होतं, आणि त्या ८० हजारांतले शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो कुणी विचारायचा? साडेसातशेच्या विजयाची पार्टी करणाऱ्यानं? प्रादानं चपलेचं नाव लपवलं. आपण नाव ठेवतो, मिरवतो आणि घडणावळ खातो. दोन्हीपैकी कारागिराचं पोट कशानं जास्त मारलं जातं, ते चप्पल लाईनीत कुणालाही विचारा.

आणि हेच आपले लोक परदेशात कसे वागतात तेही पाहण्यासारखं आहे. हल्ली टूर कंपन्यांबरोबर दहा दिवसांत आठ देश करून येणारी मंडळी घरोघरी आहेत. ती प्रागला जातात, तिथं काचेच्या दुकानात नेलं जातं. लिस्बनला बुचाच्या पर्सा बघतात. बुडापेस्टला टोकाय वाइनची बाटली घेतात. घरी कुणी पीत नाही, शोकेसमध्ये ठेवायची असते! किमतीचं कार्ड लावलेलं असतं. मनातल्या मनात युरोला शंभरनं गुणलं जातं, पोटात गोळा येतो, पण तोंडातून एक शब्द फुटत नाही. क्रेडिट कार्ड निघतं. "तिकडं फिक्स रेट असतो हो." घरी आल्यावर त्या काचेच्या फुलदाणीची कहाणी सांगितली जाते. हातानं फुंकलेली आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे, किती जपलंय त्यांनी! मग कापशीच्या माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची कला काय ठिगळं लावायची आहे?

त्यांनी जपलंय म्हणजे नेमकं काय केलंय? शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाइनलाच लावता येतं. टोकाय हंगेरीच्या त्या टापूतलीच. कायदा आहे, तो कडक आहे. पण कायद्याच्या पाठीशी गिऱ्हाईक उभं आहे. तिथला माणूस बाटलीवरचं गाव वाचतो आणि त्या गावाचे जादा पैसे मोजतो. तो मोजणार नसता तर कायद्याच्या कागदाचं काय झालं असतं ते आपल्याकडं बघून कळतं.

कारण आपल्याकडंही कायदा आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, २००३ पासून लागू. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन २०१९ मध्ये मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत, ठरलेल्या पद्धतीनं झालेली चप्पलच कोल्हापुरी. (सीमाप्रश्नावर दोन्हीकडचे घसे कोरडे पडले, पण चपलेनं हा प्रश्न कधीच सोडवला होता. 'कोल्हापुरी'च्या कितीतरी जोड्यांची वेणी कन्नड बोलणाऱ्या बायकांनी घातलेली असते.) आता खऱ्या मालावर क्यूआर कोडही येऊ लागलेत. फोन लावा, जोडी कुठली ते कळेल. मला सांगा, तुम्ही आजवर किती गिऱ्हाइकांना दुकानात "मानांकनाचा माल आहे का?" असं विचारताना ऐकलंय? "कमी करा की" हे मात्र सगळ्यांना येतं.

आणि इथंच नकली कोल्हापुरीचा जन्म होतो. नकली माल बाजारात आपोआप येत नाही, त्याला बोलावणं जातं. खरी कोल्हापुरी म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं चामडं. तळाचे थर कापायचे, ठोकून बसवायचे, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवायचे. वरचा पट्टा, कान, अंगठा, वेणी, नक्षीची ठोकणी. बहुतेक घरांत तळाचं काम पुरुष करतात आणि वेणी-नक्षी बायका. ही सगळी मेहनत तुम्हाला अर्ध्या किमतीत हवी असेल तर दुकानदार काय करेल? तो रेक्झिनचा पट्टा लावेल, तळाला रबर किंवा पुठ्ठा घालेल, डिंकानं चिकटवेल, वर 'कोल्हापुरी' शिक्का मारेल आणि तुमच्या हवाली करेल. तुम्ही जी किंमत मागितलीत, त्या किमतीची वस्तू त्यानं दिली. चार महिन्यांत तळ उलगडला की "कोल्हापुरीत आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही" हे म्हणायला आपण मोकळे. मजा आपणच घासून घासून काढली की!

तुम्ही म्हणाल, दुकानदार काय साधू आहेत? गाडीची एमएच-१२ नंबरप्लेट बघून दुप्पट सांगतात. मान्य! सांगतात. काही जण रेक्झिनला चामडं म्हणून खपवतात, तेही खरं. पण दुप्पट सांगायची सवय कुणी लावली? समोरचा निम्म्यानं मागणार हे ठाऊक असलं की दुप्पट सांगावंच लागतं. जो दुकानदार पहिल्यापासून खरी किंमत सांगतो आणि एक रुपया कमी करत नाही, त्याच्याकडून लोक "अकडू आहे" म्हणून उठून जातात. म्हणजे खरं बोलणाऱ्याला आपण शिक्षा देतो आणि खोटं बोलणाऱ्याकडून हसत हसत माल घेतो. फसवणूक वाटली तर दुकान बदला. माल उलटासुलटा करून बघा, वादीची शिवण बघा, तळाचे थर मोजा, वास घ्या, शंभर प्रश्न विचारा. चोखंदळ गिऱ्हाईक चांगल्या कारागिराला हवंच असतं. चोखंदळपणा आणि घासाघीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोखंदळ माणूस वस्तू पारखतो. घासाघीस करणारा पारखतो ते समोरच्याची गरज.

दुसरा आक्षेप. प्रत्येकाला परवडत नाही. हेही मान्य, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. दोनशे रुपयांची रबरी चप्पल घाला. ती पावसात चालते, चिखलात चालते, आणि खरं नाव सांगून विकली जाते. प्रामाणिक वस्तू आहे ती. पण "रबराच्या पैशात मला कोल्हापुरीच पाहिजे" हा हट्ट गरिबीतून येत नाही. चप्पल लाईनीत सगळ्यात जोरात घासाघीस करणारे लोक ज्या गाड्यांतून उतरतात त्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्याच लोकांनी मॉलमध्ये पाच हजारांचे स्पोर्ट शूज घेताना "काका, कमी करा की" म्हटल्याचं कुणी ऐकलंय?

तिसरा आक्षेप बायकांचा जास्त असतो. चावते हो! चावते, पहिले काही दिवस. चामडं पायाचा आकार घेतं, त्याला वेळ लागतो, तेल लावावं लागतं. मापांचा घोळ आहे, तळ घसरतो, पावसाळ्यात घालता येत नाही. कारागिरांनी आणि महामंडळांनी यावर काम करायला हवं, यात वाद नाही. पण सुधारणा करायला हातात चार पैसे उरावे लागतात. चामडं महागलंय. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीत बैलही आले, म्हशीचं कातडं चालतं, पण ते आणण्याची धास्ती वाढली. ज्याला आजच्या मजुरीत उद्याचं चामडं घेता येत नाही, तो नवीन माप आणि नवीन तळ कशावर करून बघणार? त्याचा मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जातो. त्यानं का जाऊ नये? ठरलेला पगार, आणि 'शेवटचं बोला' म्हणणारं कुणी नाही.

आता जरा टोचणारी गोष्ट. 'आपली' कोल्हापुरी, 'आपला' वारसा हे जे गेल्या वर्षी आपण छाती फुगवून म्हणत होतो, त्यातला 'आपला' म्हणजे कोण? ही चप्पल ज्यांनी शतकानुशतकं केली ते चर्मकार आणि ज्यांनी कातडं कमावलं ते ढोर. ज्या हातांचा विटाळ मानला, ज्यांची वस्ती गावाबाहेर ठेवली, ज्यांच्या जातीचं नाव शिवीसारखं वापरलं, त्यांच्या हातची वस्तू मिलानमध्ये झळकल्याबरोबर ती सगळ्या महाराष्ट्राची अस्मिता झाली. होऊ दे, चांगलंच आहे. पण अस्मिता वाटून घ्यायला सगळे आणि मजुरी कमी करायलाही सगळे, हे कसं चालेल? हाताला कमी लेखायची जुनी सवय गेलेली नाही. पूर्वी ती पाणी वेगळं ठेवून दिसायची, आज ती "सहाशेला द्या" म्हणून दिसते. गिऱ्हाइकाच्या मनात जात नसेलही, पण हे काम स्वस्तच असायला हवं हे त्याला इतक्या सहज वाटतं, ते कुठून आलं?

याच गावात एका माणसानं याचं उत्तर करून दाखवलंय. गंगाराम कांबळे राजवाड्यातले नोकर. वरच्या जातीच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला हे आपण शाळेत पाठ करतो, पण गंगारामांसाठी त्यांनी नुसता हुकूम काढला नाही. त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. पण तिथं चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवायचे आणि चारचौघांत चहा मागवून प्यायचे. बरोबरच्या मानकऱ्यांनाही मग प्यावाच लागायचा. छत्रपती होते ते. हवं तर पेन्शन बांधून दिलं असतं, देणगी दिली असती. त्यांनी गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. एका माणसाच्या कामाला मान द्यायचा तर त्याच्या दारात जाऊन, सगळ्यांसमोर, त्याची वस्तू पैसे देऊन घ्यायची, हे त्यांना कळत होतं. शंभर वर्षांनंतर त्यांचे पुतळे आपल्याकडं जागोजागी आहेत, आणि गिऱ्हाईक व्हायची ती रीत मात्र अर्ध्या तासाच्या खरेदीत हरवली.

तेव्हा पुढच्या वेळी कोल्हापूरला याल तेव्हा गुळाची ढेप कमी घ्या, पण चप्पल लाईनीला अर्ध्या तासाऐवजी दीड तास द्या. चार दुकानं फिरा. कोण शिवतं, कुठं शिवतं, तळात काय आहे ते विचारा. जो नीट सांगेल त्याच्याकडं बसा. क्यूआर कोड आहे का बघा, नसेल तर का नाही ते विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्या दिवशी दुकानदार ठेवायला लागतो. कापशी आणि पायताण यांतला फरक त्याच्याकडून समजून घ्या, त्याला सांगायला आवडतं. पसंत पडली तर सांगितलेली किंमत द्या. परवडत नसेल तर हसून राम राम म्हणा आणि उठा, त्यात त्याचा अपमान नाही. आणि कोल्हापूरकरांनो, पाडव्याला फेट्याबरोबर फोटोपुरती पायताणं घालून त्याला परंपरा म्हणू नका. वर्षाला एक जोड, पूर्ण पैशात, एवढंच केलंत तरी महामंडळाला जमलं नाही ते होईल.

आणि हो, ते साडेचारशे रुपये. कमी करून घेतलेत तर ते तुमचेच, खिशात ठेवा. फक्त त्यानंतर प्रादाला शिव्या देऊ नका. मिलानमध्ये त्यांनी एकदा केलं ते चप्पल लाईनीत रोज चालतं.